सावळीची बिस्किटं

घोड्यांविषयी मला लहानपणापासून काहीही वाटत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोकांचा समज होतो की रंभाबाईंना पहिल्यापासून जनावरांचं वेड होतं. वेड बिड काही नव्हतं. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, शहापूर एक्स्चेंजला. अर्धं आयुष्य लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. मग आपोआप जोडणारं यंत्र आलं, मी निवृत्त झाले आणि घरी आले. घरी कुणी नव्हतं. लग्न का केलं नाही हे सांगत बसले तर घोडी तशीच ताटकळत उभी राहील, म्हणून ते सोडून देते.

दोन हजार तीन सालच्या श्रावणात मी बेसनाचे लाडू केले. एकट्या माणसापुरते लाडू करता येत नाहीत, ही स्वयंपाकातली मोठी अडचण आहे. पोळी एक लाटता येते, भात मूठभर लावता येतो. लाडू मात्र डबाभरच होतात. तो डबा घेऊन मी शेजारी पडवळ गुरुजींकडे गेले. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा मुलगा-सून नोकरीपायी वाशिंदला राहतात. गुरुजींनी लाडू हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि परत डब्यात ठेवला.

"साखर," ते म्हणाले.

तिथून समोर हौसाकाकूंकडे गेले. काकूंनी डब्याचं झाकण माझ्या हातातून घेऊन स्वतःच लावलं. "माजी एकशेऐंशी आली गो परवा. नको दाखवू मला."

आमच्या आळीत त्या काळी साखर वाण्याकडे कमी आणि रक्तात जास्त होती. बायका भेटल्या की 'जेवलीस का' असं न विचारता 'किती आली' असं विचारायच्या. माझी कधी आलीच नाही. तपासली तेव्हा अगदी सरळ निघाली. त्यामुळे त्या गप्पांमध्येही मला बसायला जागा नव्हती.

डबा घेऊन मी घरी आले आणि स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहिले. तेवढ्यात खिडकीच्या गजांना बाहेरून एक मोठं पांढरं नाक येऊन टेकलं.

ही सावळी. माझ्या घराला लागून रिकामा प्लॉट होता, त्यावर पत्र्याची शेड होती. लग्नात घोडी भाड्याने देणारा चंदर पावसाळ्यापुरती आपली घोडी तिथे बांधायचा, कारण पावसाळ्यात लग्नं नसतात आणि त्याच्या स्वतःच्या गोठ्याला छप्पर नव्हतं. घोडी दुधासारखी पांढरी, आणि नाव सावळी. "दिष्ट लागू नये म्हणून," चंदरने मला एकदा सांगितलं होतं. माझ्याही आईवडिलांनी माझं तोंड नीट बघायच्या आधीच रंभा हे नाव ठेवून टाकलं होतं, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

मी एक लाडू गजांतून पुढे केला. तिने तो नुसत्या ओठांनी उचलला आणि डोळे मिटून खाल्ला. डोळे गुरुजींनीही मिटले होते, पण हिने परत ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला ती खिंकाळली. माझं नाव घेऊन नव्हे, मला कळतं. पण माझ्या खिडकीकडे तोंड करून खिंकाळली, आणि मी आतल्या खोलीतून "आले, आले" म्हणत उठले. असं म्हणायची वेळ बऱ्याच काळाने आली होती.

हे गुरुजींनी त्यांच्या गॅलरीतून पाहिलं.

"रंभाबाई, घोड्याला बेसन?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. "घोड्याला ओकता येत नाही, ठाऊक आहे ना? एकदा आत गेलं म्हणजे गेलं. पोट फुगून जनावर जातं."

गुरुजी गॅलरीतून आत गेले आणि जेवले असावेत. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. दर थोड्या वेळाने जाऊन घोडीचं पोट बघत होते. घोडीचं पोट मुळातच एवढं मोठं असतं की ते फुगलंय का तसंच आहे, हे शिक्षण घेतल्याशिवाय कळत नाही.

संध्याकाळी चंदर आला तेव्हा त्याला विचारलं. तो हसायलाच लागला. "काय नाय होत बाई! परवाच्या हंगामात नवरदेवाचा हार खाल्ला तिनी, वरमाईच्या पर्समधला रुमाल खाल्ला. पत्रिका तर कायम खाते."

"पण तिला काय चालतं आणि काय चालत नाही?"

चंदर विचारात पडला. "मला तरी काय म्हायत? बा गेला नि घोडी माझ्याकं आली. ती खाते ते चालतं, असं आपलं."

म्हणजे घोडीच्या मालकालाही माहीत नव्हतं. मग मी ठरवलं की आपण नीट चौकशी करून, घोडीला सोसेल असा खाऊ घरी करायचा. तेवढंच ठरवलं होतं.

ही बातमी आळीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. हौसाकाकू म्हणाल्या, "सरकीची पेंड दे. दूध वाढतं."

"काकू, ती घोडी आहे."

"मंग काय झालं?"

गुरुजी म्हणाले, लसूण द्या, हृदयाला उत्तम. स्वतः ते रोज सकाळी लसणाच्या पाकळ्या गिळत. कुणी चहा सुचवला, कुणी बटाटेवडा. थोड्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की प्रत्येकजण घोडीला तेच सुचवतोय, जे त्याला स्वतःला फार आवडतं आणि डॉक्टरने बंद केलंय.

शेवटी मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथे बाकावर माणसं शेळ्या घेऊन बसली होती. मी पर्स घेऊन बसले. माझा नंबर आल्यावर टेबलामागच्या गृहस्थांनी माझ्या मागेपुढे पाहिलं.

"जनावर कुठाय?"

"घरी आहे. म्हणजे घराशेजारी. घोडी."

"काय होतंय तिला?"

"काही नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काही होऊ नये म्हणून विचारायला आलेय," मी घाईने सांगितलं. "तिच्या खाऊत काय काय घातलेलं चालेल, एवढंच."

"मालक तुम्ही?"

"नाही."

"मग तुम्ही घोडीच्या कोण?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. खात्यात असताना मला रागीट सब्स्क्रायबर, रडणारी माणसं, बंद पडलेला बोर्ड, सगळं सांभाळता येत असे. इथे मी पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"शेजारीण," मी म्हणाले. मागे एक शेळीवाला खोकल्यासारखं काहीतरी हसला.

गृहस्थ वाईट नव्हते. घोड्याचं आपल्याला काही सांगता येणार नाही, मुरबाडला नव्या डॉक्टरीणबाई आल्यात, त्यांना विचारा, असं त्यांनी सांगितलं. मग किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीने मी मुरबाड गाठलं. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, मुरबाडला कोण असतं तुमचं? मी म्हटलं, डॉक्टर. तिने फार सहानुभूतीने माझ्याकडे पाहिलं आणि मला खिडकीची जागा दिली.

डॉक्टरीणबाई अगदी तरुण होत्या. दिवसभर म्हशी बघून थकल्या असाव्यात. घोडा म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मला खुर्ची दिली आणि कॉलेजात शिकलेलं सगळं मला शिकवलं. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो, कोबी बंद. चॉकलेट आणि चहा बंद. बुरशी आलेलं काहीही नाही, न भाजलेली ओली कणीक नाही. जवाचं पीठ चालेल, थोडा गव्हाचा कोंडा, पिकलं केळं, गूळ अगदी नावाला. गाजर द्यायचं तर उभं चिरून, गोल चकत्या घशात अडकतात, बिस्किटात किसून.

"आणि बेसनाचा लाडू?" मी हळूच विचारलं.

"एकाने काही होत नाही. पण सवय नको, तूप-साखर तिला कशाला? आणि आजी, खाऊ म्हणजे खाऊ. जेवण नव्हे. दिवसाला दोन, बस."

आजी म्हणालेलं मी सोडून दिलं.

जव आमच्याकडे पूजेच्या दुकानात मिळाले. दुकानदाराने पुडी बांधता बांधता विचारलं, "कसली शांत करताय?" मी म्हटलं, घरगुती. पहिला घाणा तव्यावर केला, तो असा झाला की एक बिस्कीट हातातून पडलं आणि फरशीचा टवका उडाला. दुसरा आतून कच्चा राहिला, आणि कच्चं तर बाईंनी बंद केलेलं. तेव्हा पत्र्याचा ट्रे भरून काळूरामच्या बेकरीत नेला. पूर्वी आम्ही त्याच्याकडे नानकटाई भाजून आणायचो.

"कसली म्हनायची ही?" काळूरामने विचारलं.

"पथ्याची," मी म्हणाले. हे अगदी खरं होतं. कुणाच्या पथ्याची, ते त्याने विचारलं नाही.

भट्टीतून ट्रे बाहेर आला तेव्हा त्यातली दोन बिस्किटं कमी होती. एक काळूरामने खाल्लं होतं आणि दुसरं पाव न्यायला आलेल्या पडवळ गुरुजींनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी माझ्या दारात उभे. "रंभाबाई, साखर नसलेली बिस्किटं करता आणि शेजाऱ्यांना सांगत नाही?"

मी खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्या मागून हौसाकाकू आत आल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवरची धूळ त्यांच्या लुगड्याला लागली, इतक्या दिवसांत तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी धावत फडकं आणलं, चहा टाकला, बशीत बिस्किटं मांडली. घोडीचा खाऊ वेगळा आणि ही बिस्किटं वेगळी, असंच दोघं धरून चालले होते, आणि मग सांगायचं राहून गेलं.

रोज संध्याकाळी माझ्याकडे माणसं जमू लागली. गुरुजी म्हणायचे, "याची चव प्रामाणिक आहे." हौसाकाकू म्हणायच्या, "पोट कसं साफ होतं गो." 'किती आली' या विषयावर आता माझ्याच घरात चर्चा चालायची, आणि सगळ्यांची कमी आलेली असायची. मी जवाच्या मोठ्या पुड्या आणू लागले. दुकानदाराला वाटलं, माझ्या घरावर भयंकर काहीतरी आलंय. सावळीला तिची दोन बिस्किटं मिळत होतीच. पण बाकीची कोण खातंय, हे ती गजांना नाक लावून बघत असायची. मी तिच्या नजरेला नजर देत नसे.

गौरी-गणपती गेले आणि एका दुपारी चंदरची आरोळी ऐकू आली.

सावळी खाली पडली होती. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती, पाय झाडत होती, पुन्हा पुन्हा लोळायला बघत होती. अंग घामाने भिजलेलं. सगळी आळी जमली. चंदर तिच्या मानेला धरून नुसता "सावळे, ऊठ गो, ऊठ" म्हणत होता.

"रंभाबाई तिला काहीतरी बिस्किटं घालतात," गुरुजी म्हणाले. "मी स्वतः पाहिलंय. काय असतं हो त्यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चंदरसुद्धा. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला सहन झालं नाही.

"तेच असतं," मी म्हणाले.

"तेच म्हणजे?"

"तुम्ही खाता तेच. म्हणजे मुळात ती तिचीच आहेत, गुरुजी. तुम्ही मागून खायला लागलात."

गुरुजींचा हात आपोआप पोटावर गेला. हौसाकाकूंनी पदर तोंडाला लावला. "म्हंजे आमी घोडीचं खाल्लं?"

"काकू, काही धोका नाही. सगळं डॉक्टरांना विचारून घातलंय."

"कोनत्या डॉक्टरांना?"

"जनावरांच्या."

त्यानंतर कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही, कारण मी फोनकडे धावले होते. मुरबाडची लाईन लागत नव्हती. तेव्हा मी एक्स्चेंजमध्ये यंत्राच्या देखभालीला उरलेल्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला आणि माझ्या जुन्या आवाजात सांगितलं, मुरबाड द्या, तातडीचा आहे. मिळालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निघतेच. तिला लोळू देऊ नका, उठवा आणि हळूहळू चालवा. खायला काही देऊ नका. आणि तिने काय काय खाल्लंय ते सगळ्यांना विचारून ठेवा."

मी बाहेर येऊन विचारलं. मग हौसाकाकू म्हणाल्या, "नैवेद्याच्या पोळ्या उरल्या व्हत्या. नि कालचा भात. आमाला खायचं नाय, टाकायचं कसं?" गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "लसूण. थोडाच. आणि एक बटाटेवडा... अर्धा." मग एकेकजण बोलू लागला. आळीतल्या प्रत्येकाने तिला काही ना काही घातलं होतं, कुणाच्या नकळत, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच घालतोय.

सगळ्यांनी मिळून तिला उभी केली. चंदर मात्र मटकन खाली बसला. दोरी कुणीतरी धरायला हवी होती. ती माझ्या हातात आली. इतके दिवस आमच्यामध्ये खिडकीचे गज होते. गजांशिवाय घोडी केवढी मोठी असते याची मला कल्पना नव्हती.

शेडपासून रस्त्यापर्यंत आणि परत, चिखलातून, मी तिला चालवत राहिले. ती थांबली की मीही थांबत होते, ती गुडघे वाकवू लागली की दोरी ओढत होते. एकीकडे बोलत होते. काय बोलावं सुचेना, म्हणून ट्रंक कॉल अडकला की सांगायचे तेच सांगत राहिले, "प्रयत्न चालू आहे, कृपया थांबा. फोन ठेवू नका. प्रयत्न चालू आहे." तिचा एक कान माझ्याकडे होता.

डॉक्टरीणबाई जीपने आल्या. नाकातून नळी घालून औषध दिलं, इंजेक्शन दिलं, आणि म्हणाल्या, आता लीद पडली की जिंकलो. मग आम्ही सगळे लिदीची वाट बघत उभे राहिलो. कुणी घरी गेलं नाही. दिवेलागणीला लीद पडली. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही ते इतके आनंदले नव्हते, असं हौसाकाकू म्हणाल्या. चंदर घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडला. मी दोरी त्याच्या हातात दिली आणि हातपाय धुवायला घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चहाचं आधण जास्त ठेवलं. कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. भांडण कुणीच केलं नाही. भांडण असतं तर मला दोन शब्द ऐकवता तरी आले असते. गुरुजी रस्त्यात दिसले की चष्मा पुसायला लागायचे. हौसाकाकू दारातूनच "बरी हायस ना?" विचारून आत वळायच्या. आणि चंदरने एकदा फार अदबीने सांगितलं, "बाई, आता काय घालू नका हां तिला. तुमचा दोष नाय. पन नको." मी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा लावला. सावळी दोन-तीनदा खिंकाळली, मग तिनेही सोडून दिलं.

तुळशीचं लग्न झालं आणि मुरबाडच्या एका बँडवाल्याने चंदरला हंगामभराचं काम दिलं. तो सांगायला आला, "येतो बाई." मी दारात उभी राहिले. सावळी त्याच्यामागून टपटप टापा वाजवत गेली. वळणावर तरी मागे बघेल असं मला वाटलं होतं. तिथे एक टेम्पो उभा होता, ती त्यातल्या उसाकडे बघत होती.

मार्गशीर्षात मी पुन्हा जव आणले. थोडीच बिस्किटं केली, काळूरामने भाजून दिली, आणि ती रुमालात बांधून मी मुरबाडला गेले. बँडवाल्याच्या अंगणात सावळी उभी होती. पाठीवर आरशांची झूल, कपाळावर तुरा. एवढी देखणी मी तिला कधी पाहिली नव्हती. मी हाक मारली. तिने मान वळवली नाही.

"वळखते ना, बाई!" चंदर घाईने म्हणाला. "बघा, कान हलवला." कान तिने माशीसाठी हलवला होता. "द्या, द्या. एक चालंल."

मी तळहातावर बिस्कीट धरलं. तिने ते ओठांनी उचललं, डोळे मिटून खाल्लं. मग पलीकडे ट्रम्पेटवाला उभा होता, त्याच्या हातातला गवताचा पुंजका तिने अगदी तसाच उचलला आणि तसेच डोळे मिटले. त्यांना सरळगावच्या लग्नाला जायचं होतं. चंदरने चहाचा आग्रह केला, मी गाडीची वेळ झालीय म्हणून सांगितलं. गाडीला वेळ होता.

एसटी स्टँडच्या बाकावर येऊन बसले. उरलेली बिस्किटं मांडीवर. एक उचलून खाल्लं. तोवर मी स्वतः कधी चाखलंच नव्हतं. बरं होतं. गूळ आणखी थोडा चालला असता.

बाजार आटोपून आलेली एक म्हातारी रिकामी पाटी घेऊन शेजारी टेकली. तिने माझ्या मांडीकडे पाहिलं.

"काय गो ते?"

"घोड्याची बिस्किटं," मी लगेच सांगितलं. या वेळी मला उशीर करायचा नव्हता.

तिने हात पुढे केला. मी एक दिलं. तिने ते मागून-पुढून पाहिलं, एका बाजूच्या दातांनी चावलं, सगळं संपवलं आणि लुगड्यावरचे कण झाडले.

"दात दुखत नाय, ह्ये बरं हाय," ती म्हणाली. "माज्या शेळीला चालंल?"

"शेळीचं मला नाही माहीत."

"गाभण हाय. काय बी खात नाय सकालपासून, नुसती तोंड फिरवते. घरात मी नि ती, दोगीच." तिने पाटी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "कोनाला इचारू, सांग ना."

शहापूरची गाडी येऊन लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. मी रुमालाची गाठ मारून तो पिशवीत ठेवला.

"स्टँडच्या मागेच दवाखाना आहे. डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत माझ्या," मी म्हणाले. "चला, विचारून येऊ."

म्हातारीने माझी पिशवी उचलून आपल्या पाटीत टाकली आणि दवाखाना कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक नसतानाही माझ्यापुढे चालू लागली.